वस्तरा कोणाच्या हाती?

आपले डोके आपणच भादरावे की नाही, आणि भादरावयाचे तर कोणत्या वस्तऱ्याने, हा तात्त्विक निबंधाचा विषय होऊ शकेल असे आमच्या वाचकांस प्रथमदर्शनी वाटणार नाही. आत्मा, मोक्ष, कर्तव्य हे विषय भारदस्त. वस्तरा, साबण आणि पाण्याची वाटी हे विषय न्हाणीघरातले. परंतु जी कामे दार लावून एकट्यानेच करावयाची असतात, त्यांतच मनुष्य स्वतःशी कसा वागतो हे अधिक स्पष्ट दिसते, असे आमचे मत आहे. अलीकडे विशी-पंचविशीतले तरुणही, घरी सुतक नसता, यात्रा नसता, व्रत नसता, आपण होऊन डोक्याचा चमनगोटा करतात. कोणी केस विरळ झाले म्हणून, कोणी केवळ आवडते म्हणून. त्यांच्याकरिता मुद्दाम निराळ्या घडणीचे वस्तरेही बाजारात आले आहेत. घरातील वडील मंडळींच्या काळजात मात्र हे पाहून चर्र होते; कारण बाप गेल्यावाचून मुलाने डोके उतरवावयाचे नाही, असे संस्कार त्यांच्या मनावर झालेले असतात.

ही जुन्या-नव्यांची नेहमीची कुरबुर म्हणून सोडून देता आली असती. पण तिच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. वस्तरा तोच, डोके तेच, केसही तेच. असे असता या एकाच कृत्याला कधी वैराग्य म्हणतात, कधी शोक, कधी शिक्षा, कधी विटंबना, तर कधी नुसती टापटीप, हे कसे? कृत्याची नीती कृत्यात असते, की ज्याच्या हाती वस्तरा असतो त्याच्या इच्छेत असते?

डोक्यावरचे केस हे ज्याच्या त्याच्या मालकीचे, ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. १६४५ साली चीन जिंकणाऱ्या मांचू राज्यकर्त्यांनी हुकूम सोडला की, प्रत्येक चिनी पुरुषाने कपाळावरचे केस भादरून मागे वेणी राखावी, नाही तर देहान्त शासन. ही सक्ती १९११ च्या क्रांतीपर्यंत टिकली. १९४४ साली फ्रान्स जर्मनांच्या तावडीतून सुटला तेव्हा शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो स्त्रियांची डोकी भर चौकांत, टाळ्यांच्या गजरात भादरण्यात आली. सत्ता कोणाची हे दाखवावयाचे झाले, म्हणजे माणसाचा हात प्रथम दुसऱ्याच्या केसांकडे जातो असे दिसते.

पण त्यासाठी चीन किंवा फ्रान्सपर्यंत जावयास नको. आमच्याच समाजातील पांढरपेशा घरांत, नवरा मेला या एका अपराधासाठी कोवळ्या मुलींचे केशवपन होत असे. आणि तेही एकदाच नव्हे, तर केस वाढतील तसतसे जन्मभर. आगरकरांनी या चालीविरुद्ध लेखणी झिजवली. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या डोक्यावरून तिच्या इच्छेविरुद्ध फिरलेला वस्तरा मराठी वाचकांस असा दाखविला की, तो पुढे कोणास विसरता आला नाही. तथापि या इतिहासातील जो प्रसंग आम्हांस सर्वांत विचार करावयास लावतो, तो पंडितांच्या सभेतला नव्हे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा धरावयाचा नाही, असा त्यांनी निर्धार केला. ज्यांनी शास्त्रार्थ काढला त्यांच्या हाती वस्तरा नव्हता, आणि ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांस शास्त्रार्थ कोणी विचारला नव्हता. तरीही, ‘आम्ही केवळ सांगितले काम करतो’ ही पळवाट त्यांनी नाकारली. हत्यार चालविणाऱ्या हातालाही सदसद्विवेक असतो, हे पोटावर हाणून घेऊन त्यांनी सिद्ध केले. नीतिशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथ आम्ही शिकविले आहेत. इतक्या थोड्यात हा सिद्धान्त त्यांत आम्हांस आढळला नाही.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहू. बौद्ध भिक्षूला जवळ बाळगण्याची मुभा असलेल्या आठ वस्तूंत भिक्षापात्र, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्याबरोबर वस्तराही आहे. जैन मुनी तर वस्तऱ्याचाही आधार घेत नाहीत. ते केशलोच करतात, म्हणजे केस हातानेच उपटतात. या मुंडनास कोणी विटंबना म्हणत नाही. भिक्षूचे डोके आणि विधवेचे डोके शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना भेद दिसणार नाही, पण मनाला तो आकाशपाताळाएवढा वाटतो. एकाने केस टाकले. दुसरीचे काढून घेतले.

येथपर्यंत विचार सोपा आहे. स्वेच्छेने केले ते चांगले, सक्तीने झाले ते वाईट, असे म्हणून निबंध संपविता आला असता. परंतु ज्या जुन्या बायका आपण होऊन न्हाव्यापुढे बसत, ‘मला केस नकोत’ असे म्हणत, त्यांचे काय? त्यांच्यावर कोणी हात टाकला नव्हता. मात्र केस राखले तर स्वयंपाकघरात शिवू द्यावयाचे नाही, पूजेचे पाणी भरू द्यावयाचे नाही, चारचौघीत नाव घ्यावयाचे, असा सगळा बंदोबस्त आधीच झालेला होता. इच्छा त्यांची होती, पण ती दुसऱ्यांनी त्यांच्या मनात लावून वाढविलेली होती. तेव्हा ओठांवर होकार आहे किंवा वस्तरा आपल्याच हातात आहे, एवढ्यावरून स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. खरी कसोटी अशी की, ते कृत्य न करण्याची मोकळीक होती काय? न केल्यास माणूस आपल्या माणसांतून उठला असता काय? ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘होय’ची किंमत फार थोडी.

ही कसोटी आजच्या तरुणांसही लावून पाहावी. ज्यास टक्कल पडू लागल्याची लाज वाटते, आणि लोक हसतील म्हणून जो उरलेले केसही काढून टाकतो, तो स्वतंत्र आहे की लोकांच्या हसण्याचा बंदा आहे? हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे. बाहेरून ते कोणास सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की, तिकडचे चार केस इकडे ओढून टाळू झाकीत बसण्यापेक्षा, जे आहे ते मोकळेपणाने दाखविण्यात सत्याचा अंश अधिक आहे.

परंतु या कसोटीलाही एक अपवाद आहे, आणि तो आम्ही जवळून पाहिला आहे. कर्करोगावरील काही औषधांनी पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. आमच्या नात्यातील एका बाईंनी डॉक्टरांकडून हे ऐकल्यावर उशीवर रोज पडणारे केस मोजीत बसण्याचे नाकारले आणि एके दिवशी दुपारी स्वतःच केस उतरविले. त्यांस ‘नाही’ म्हणण्याची सोय कोठे होती? केस जाणारच होते. तरीही त्या कृत्यास सक्ती म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. काय जाणार हे रोगाने ठरविले होते. केव्हा, कोठे आणि कोणाच्या हातून जाणार, एवढे त्यांच्याकडे उरले होते, आणि तेवढे त्यांनी सोडले नाही. मनुष्याचे स्वातंत्र्य म्हणजे सर्व बंधनांचा अभाव नव्हे. बंधने आपला वाटा घेऊन गेल्यावर जे उरते त्यावरचा हक्क न सोडणे, हेही स्वातंत्र्यच होय. वस्तरा आपल्या हाती असण्याचा खरा अर्थ आम्हांस तेथे कळला.

आता खुद्द वस्तऱ्याकडे वळू. मनुष्याने आपले क्षौर आपण करावे ही कल्पना ग्रंथरूपाने मांडणारा मनुष्य पॅरिसचा एक सुऱ्या-कात्र्या घडविणारा कारागीर होता. जाँ-जाक पेरे याने १७६९ साली या कलेवर पुस्तकच लिहिले, आणि पाते खोल जाऊ नये म्हणून त्यास लाकडी आडोसा सुचविला. पुढे अमेरिकेत किंग कँप जिलेट याने बदलता येणाऱ्या पातळ पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळविले, आणि जे काम धोकटीवाल्याचे होते ते घरोघरच्या आरशापुढे येऊन बसले. आमच्याकडे न्हावी हा गावगाड्यातील बलुतेदार. त्याच्या उघड्या वस्तऱ्याखाली लोक निर्धास्तपणे गळा देत, आणि घरी येताच स्नान करून त्याचा स्पर्श धुऊन टाकीत. हा विश्वास आणि ही विटाळाची कल्पना एकाच मनात शेजारी शेजारी कशी नांदत होती, याचे आश्चर्य वाटते. स्वतःचे क्षौर स्वतः करणाऱ्याने स्वावलंबनाचा अभिमान जरूर बाळगावा. पण दुसऱ्याचे श्रम हलके समजून त्याने वस्तरा हाती घेतला असेल, तर ते स्वावलंबन नव्हे. दोन-चार वेळा आपलेच डोके भादरून पाहावे, म्हणजे त्या कारागिराच्या मनगटाची थोरवी आपोआप पटते.

कारण डोके हा हनुवटीसारखा सोपा प्रदेश नाही. गेली काही वर्षे आम्ही हे काम स्वतः करीत आहोत, म्हणून जिज्ञासूंसाठी दोन शब्द लिहितो. उघडा वस्तरा सुंदर खरा, पण त्याची धार राखणे, चामड्यावर परजणे आणि कानामागे तो नेमका कोनात धरणे ही वर्षांची साधना आहे. दुधारी पात्याची सेफ्टी स्वस्त असते आणि साफ काम करते. मात्र तिचे डोके वळत नाही, म्हणून मागील उंचवट्यावर हात जपावा लागतो. अनेक पात्यांचा वस्तरा डोक्याच्या गोलाईबरोबर वळतो, नवशिक्यास सोयीचा. पण त्याचे पहिले पाते केस ओढते आणि मागचे त्वचेच्या खाली कापते, त्यामुळे कुरळ्या केसांच्या माणसांस आत वळलेल्या केसांच्या पुळ्या होतात. विजेचे यंत्र सर्वांत कमी गुळगुळीत करते आणि सर्वांत कमी कापते. वर सांगितलेल्या आजारात रक्ताची जंतूंशी झुंजण्याची शक्ती घटलेली असते, तेव्हा तेच बरे. केस आधी बारीक करून घ्यावेत, ऊन पाण्याने भिजवावेत, साबण लावून केसांच्या कलाने वस्तरा चालवावा, आणि टाळूवरच्या भोवऱ्याशी कल बदलतो तेथे आपणही दिशा बदलावी. आपला वस्तरा दुसऱ्यास देऊ नये. रक्तातून पसरणारी कावीळ त्या मार्गानेही जाते.

बाजाराचे म्हणणे निराळे आहे. १९७१ साली जिलेट कंपनीने दोन पात्यांचा वस्तरा आणला, १९९८ साली तीन पात्यांचा आणि २००६ साली पाच पात्यांचा. माणसाच्या केसांत या अवधीत काही फरक पडलेला नाही. ते पूर्वीप्रमाणेच महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. वाढली ती पात्यांची संख्या आणि आपली हाव. उत्तम वस्तरा सर्वांत महाग तो नव्हे, सर्वांत तीक्ष्ण तोही नव्हे. जो आपल्या हातास आणि कातडीस मानवतो तो. पण त्यातही बोथट वस्तऱ्यापासून विशेष जपावे. नवशिक्यास वाटते की बोथट पाते निरुपद्रवी. प्रत्यक्षात जखमा तेच करते, कारण ते चालत नाही म्हणून माणूस जोर लावतो. हा नियम वस्तऱ्यापुरताच आहे असे नाही. जो आपल्या दोषांवर मंद विवेकाने आणि मोठ्या आवेशाने तुटून पडतो, तो दोष तसेच ठेवून स्वतःस मात्र रक्तबंबाळ करून घेतो. धार तीक्ष्ण आणि हात हलका, हे आत्मशासनाचे सूत्र म्हणूनही चालेल.

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांस बर्ट्रांड रसेल याने १९१८ सालच्या व्याख्यानांत सांगितलेले न्हाव्याचे कोडे ठाऊक असेल: गावात जे स्वतःची श्मश्रू करीत नाहीत त्या सर्वांची, आणि फक्त त्यांचीच, जो करतो, त्या न्हाव्याची श्मश्रू कोण करतो? होय म्हटले तरी पेच, नाही म्हटले तरी पेच. तेव्हा असा न्हावी असूच शकत नाही, हे उत्तर. व्यवहारात मात्र स्वतःचे डोके भादरणारास निराळाच पेच पडतो. तोच न्हावी आणि तोच गिऱ्हाईक. तरीही आपल्या डोक्याचा मागचा भाग त्यास कधीच थेट दिसत नाही. दोन आरसे धरले तर हात उलटे चालतात. बोटांनी चाचपीत जावे लागते, आणि इतके करूनही मानेवर एखादी पट्टी राहतेच.

ती पट्टी दुसऱ्यासच दिसते. त्या बाईंनीही पुढचे केस स्वतः उतरविले आणि मागचे यजमानांकडून उतरवून घेतले. त्यांच्या स्वातंत्र्यास त्यामुळे तिळमात्र उणेपणा आला नाही. केशवपनाच्या वेळी बाईच्या मागे उभा असलेला हात आणि हा हात, यांतील अंतर हेच या सर्व विवेचनाचे सार होय. दुसऱ्याचा हात लागला म्हणून माणूस परतंत्र होत नाही. न बोलाविता तो डोक्यावर येतो, आणि त्यास दूर सारता येत नाही, तेव्हा होतो. म्हणून आपल्या मुलाने डोके भादरलेले पाहून ज्या वडिलांस वाईट वाटते, त्यांनी शुभाशुभाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून त्यास एवढेच विचारावे की, हे तुझे तुला वाटले काय? आणि त्याने होय म्हटले, तर मानेवरची राहिलेली पट्टी त्यास दाखवून द्यावी.