तपासणीचा शेरा

शासकीय सेवेतील तेहेतीस वर्षांत आम्ही पुष्कळ संस्थांची तपासणी केली. आश्रमशाळा, वसतिगृहे, निराधारांची निवासस्थाने. तपासणीचा एक ठरावीक नमुना असे आणि त्यात रकाने असत: इमारत, पाणी, स्वच्छतागृह, धान्यसाठा, हजेरीपट, कर्मचारी. रकाने भरून झाले की खाली शेरा लिहावयाचा. आम्ही येणार ही वर्दी बहुधा आधीच पोहोचलेली असे. अंगणात सडा पडलेला असे, मुलांच्या अंगावर कोऱ्या घडीचे गणवेश असत. हे आम्हांस कळे, आणि आम्हांस कळते हे त्यांनाही कळे. तरीही शेरा बहुधा 'समाधानकारक' असाच पडे. निवृत्तीनंतर तशीच एक तपासणी घरच्या कामासाठी करण्याचा प्रसंग आमच्यावर आला, तेव्हा समाधान कोणाचे, हा प्रश्न आम्ही प्रथमच स्वतःला विचारला.

आमची थोरली बहीण, अक्का, आज एकोणऐंशी वर्षांची आहे. १९५४ साली हा प्रदेश पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला. त्यानंतर काही वर्षांनी आमचे वडील शिक्षकाच्या नोकरीसाठी जव्हारहून सिल्वासास आले. आई गेली तेव्हा आमचे वय पाच आणि अक्काचे सतरा. तिने आम्हांस वाढविले, आमचा अभ्यास घेतला आणि पुढे येथल्याच मराठी प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षे मुले शिकविली. तिचा विवाह उशिरा झाला, वैधव्य मात्र लवकर आले. मूलबाळ नाही. गेली पाच वर्षे तिला स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. आरंभी आमटीत मीठ दोनदा पडे. मग बाजारातून घरी येण्याची वाट चुकू लागली. आता ती आम्हांस 'बापू' म्हणते. ते आमच्या वडिलांचे संबोधन. दिवेलागणीला ती दोन लुगड्यांचे बोचके बांधून दाराशी उभी राहते आणि 'घरी जायचंय' म्हणते. ते घर जव्हारचे. ते विकून साठ वर्षे होऊन गेली.

ही एकट्या आमच्या घरची कथा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांस हा विकार असल्याचा अंदाज दिला आहे. तरीही आपल्या जुन्या मराठी कुटुंबांत याविषयी उघड बोलले जात नाही. 'अलीकडे जरा विसरतात' एवढेच आपण सांगतो आणि दार लोटून घेतो.

अशा माणसास निवासी शुश्रूषागृहात ठेवणे हा कर्तव्याचा त्याग आहे काय? पुंडलिकाची कथा ऐकून वाढलेल्या आपल्या पिढीच्या ओठांवर याचे उत्तर तयार असते. आईवडिलांची सेवा चालू असता पुंडलिकाने प्रत्यक्ष देवासही विटेवर थांबविले. परंतु या कथेतून एक साधी व्यवहाराची गोष्टही निघते, ती आपण सहसा पाहत नाही. ही सेवा अशी आहे की तिच्यातून क्षणभर हात काढता येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास दिवसाचे चोवीस तास कोणीतरी जागे लागते, आणि एक माणूस चोवीस तास जागे राहू शकत नाही. अमेरिकेतील शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी २०१४ सालच्या आपल्या पुस्तकात आजोबा सीताराम गावंडे यांच्याविषयी लिहिले आहे. उटी या महाराष्ट्रातील खेड्यात ते सुमारे ११० वर्षे जगले, तेही आपल्या घरी, आपल्या मानाच्या जागी. पण त्यांच्याभोवती मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार होता. त्या वार्धक्याचे मोल कितीतरी तरुण हातांनी चुकते केले होते. आमच्या घरी आज आम्ही सदुसष्ट वर्षांचे, पत्नी बासष्ट वर्षांची. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशी.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही उत्तर मिळत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयी २००७ साली झालेला कायदा अपत्यांवर जबाबदारी टाकतो. निपुत्रिक ज्येष्ठाची जबाबदारी मात्र त्याच नातेवाइकावर येते, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्यास ती वारसाने मिळणार आहे. अक्काच्या नावावर निवृत्तिवेतनाखेरीज काही उरलेले नाही. भविष्य निर्वाह निधीची रक्कम तिने केव्हाच आमच्या मुलांच्या शिक्षणासाठी दिली. म्हणजे तिने सर्वस्व देऊन टाकले, आणि म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने आम्ही तिचे काही लागत नाही. कर्तव्याची मोजणी मालमत्तेवरून करणे ही कायद्याची अडचण असेल. आमची तशी काही अडचण नव्हती.

शेवटी गृहे पाहण्याचे ठरले. सिल्वासात आम्हांस तसे गृह सापडले नाही, म्हणून आम्ही उभयता मुंबईच्या वाटेवरील दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिले अगदी नवे कोरे. संगमरवरी फरशी, वातानुकूलित दालन, दर्शनी भागात तुळशीवृंदावन. आमचे जुने रकाने भराभर भरले गेले. मात्र दालनात बाराजण एकाच रंगाचे झगे घालून दूरदर्शन संचापुढे बसले होते. दुपारचे तीन वाजले होते आणि त्यांतील बहुतेकजण पेंगत होते. सर्व स्त्रियांना 'आजी' म्हणत, सर्व पुरुषांना 'बाबा'. कोणाचे नाव काय, हे आम्हांस हिंडवून दाखविणाऱ्या गृहस्थांना कागद पाहिल्याशिवाय सांगता आले नाही. औषधे कोण ठरविते, असे विचारता 'शांत राहण्यासाठी थोडं देतो' असे उत्तर आले. मनोविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. प्रसंगी ती द्यावी लागतात हे खरे. पण ती कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली, याचे उत्तर संस्थेपाशी असलेच पाहिजे. वरच्या मजल्यावर खोल्यांच्या दारांना बाहेरून कड्या होत्या. आम्ही मनातल्या मनात प्रतिकूल शेरा लिहिला. रुग्णास साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पूर्ण बंदी केली आहे, आणि अन्य बंधनेही तात्काळ इजा टाळण्यापुरती व मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनेच घालता येतात. परतीच्या गाडीत हे सर्व आम्ही मोठ्या आवेशाने पत्नीस सांगत होतो. ती खिडकीबाहेर पाहत होती. वापी जवळ आली तेव्हा म्हणाली, "आणि आपल्या घरच्या कडीचं काय लिहिणार तुम्ही?"

या प्रश्नाने आमची वाचा बसली. ऐन पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास अक्का घराबाहेर पडली होती आणि दमणगंगेच्या रस्त्यावर एका रिक्षावाल्यास सापडली होती. तेव्हापासून तिच्या खोलीस रात्री आम्ही बाहेरून कडी लावीत आलो होतो. तिच्या रक्षणासाठीच लावीत होतो. परंतु त्या गृहाच्या चालकांनीही हेच सांगितले असते. आमच्या कडीस आम्ही माया म्हणत होतो आणि त्यांच्या कडीस बंदिवास.

स्मृतिभ्रंश हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही येतो. तेथे तो रोगाचे नाव नाही. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, त्यातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश अशी ती उतरंड आहे. आम्ही हा अध्याय अनेकदा वाचला होता, पण तो आम्हांस लागू आहे हे ध्यानी आले नव्हते. एकच प्रश्न अक्काने विसाव्यांदा विचारला की आमचा स्वर चढे. त्या क्षणी समोर कोण उभी आहे, तिने आमच्यासाठी काय केले, हे सारे आम्ही विसरलेले असू. तिचा स्मृतिभ्रंश मेंदूच्या झिजेतून आला आहे. आमचा रागातून येत होता, आणि गीता बोलते ती या दुसऱ्याविषयी.

सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने माणसाची ओळख त्याच्या जाणिवेच्या व स्मृतीच्या सातत्यावर उभी केली. ते मान्य केले तर स्मृती गेली की माणूसही गेला असे म्हणावे लागेल. 'आता ती आपली अक्का राहिली नाही', असे नातलग हळहळून म्हणतात, त्यामागे नकळत हेच तत्त्वज्ञान असते. इंग्लंडचेच टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या ग्रंथात याहून निराळा विचार मांडला. व्यक्तित्व ही एकट्याच्या डोक्यात साठविलेली वस्तू नसून इतर माणसे आपल्या वागण्यातून ते आपल्याला देत असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. आम्हांस हे पटते, कारण आमचे स्वतःचे व्यक्तित्व पाच वर्षांच्या वयात अक्कानेच सांभाळले होते. आज तिचे व्यक्तित्व सांभाळण्याची पाळी दुसऱ्यांची आहे. मग गृह पाहताना विचारावयाचा पहिला प्रश्न असा ठरतो: येथे अक्का अक्का राहील काय?

दुसरे गृह पालघर जिल्ह्यात होते. येथे आम्ही न कळविता गेलो आणि मुद्दाम दिवेलागणीच्या वेळी गेलो, कारण या रुग्णांची अस्वस्थता बहुधा त्याच वेळी वाढते. इमारत जुनी, भिंतीवर ओल आलेली. आम्ही नोंदवही मागितली. मागील वर्षात दोघे पडल्याची नोंद होती. वेळ, कारण आणि पुढे काय केले तेही लिहिले होते. ज्या नोंदवहीत वर्षभर कोणीच पडलेले नसते ती नोंदवही खरी नसते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. रात्री नऊ रुग्णांमागे एकच सेविका असते, हे त्यांनी न लपविता सांगितले. आम्हांस ते कमी वाटले आणि आजही वाटते. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ फाटकाशी जाऊन ते हलवू लागले. सेविकेने त्यांना ओढून आणले नाही. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला काका, मीपण येते." दोघे आवारात दोन फेऱ्या मारून परतले. ही सेविका डहाणूकडची होती आणि तिची मराठी आमच्या अक्काला आपली वाटेल अशी होती. हा मुद्दा आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घ्यावा. या विकारात मागाहून शिकलेल्या भाषा पुष्कळदा आधी गळून पडतात आणि लहानपणची भाषा शेवटपर्यंत टिकते. अक्का उत्तम गुजराती व कामापुरती हिंदी बोले. आता दोन्ही उरल्या नाहीत. सभोवती तिची भाषा कोणी बोलत नसेल, तर उत्तम फरशीवरही ती एकटीच.

निघताना त्या सेविकेने आमच्या हाती एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, "तुमच्या अक्का कशा आहेत ते यात लिहून आणा. काय आवडतं, कशाची भीती वाटते, काय म्हणाल्या की काय हवं असतं." आयुष्यभर अहवाल लिहिलेला माणूस मी मी म्हणत कागद पुढे ओढून बसला. नाव, वय, शिक्षण, नोकरी. चार ओळींपुढे आम्हांस काही सुचेना. शेवटी तो कागद पत्नीने घेतला. अक्काला भाताआधी ताक लागते. स्नानाच्या वेळी पाणी डोक्यावर एकदम ओतले तर ती घाबरते. 'घंटा झाली' म्हणाली की तिला शौचास जायचे असते. खडूचा तुकडा हाती दिला की ती शांत होते. दोन्ही बाजू भरून पत्नीने आणखी एक कागद मागितला.

गेली पाच वर्षे जो येईल त्याला आम्ही सांगत आलो होतो की, आम्ही अक्काला घरीच सांभाळतो. त्या 'आम्ही'मध्ये आम्ही स्वतः किती होतो, हे त्या चार ओळींनी दाखविले. घरी ठेवणे हा धर्म आणि बाहेर ठेवणे हा अधर्म, असा निवाडा करणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, घरी ठेवण्याचे श्रम कोण करीत आहे आणि अभिमान कोण मिरवीत आहे. दुसऱ्याच्या श्रमावर पाळलेल्या कर्तव्यास कर्तव्य म्हणावे की नाही, याविषयी आम्हांस शंका आहे. शुश्रूषेचे काम मोल देऊन दुसऱ्याकडे सोपविता येते, त्यात पाप नाही. तिला ओळखीत राहण्याचे काम मात्र सोपविता येत नाही; ते घरी असतानाही आम्ही सोपवूनच बसलो होतो.

म्हणून अंतिम निर्णय आम्ही पत्नीवर सोडला. तिने दोन महिने विचार केला. अक्काला विचारल्याशिवाय न्यायचे नाही, असा तिचा आग्रह होता. अक्काला किती समजले ते सांगता येत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तिथं मुलं आहेत का?" आम्ही उत्तर शोधत असतानाच पत्नी म्हणाली, "आहेत. सगळी मोठी झालीत."

दिवाळीनंतर अक्का तेथे गेली. आरंभीचे तीन आठवडे फार वाईट गेले. तिचेही आणि आमचेही. आता ती जेवते, झोपते, आवारातल्या पाटीवर मुळाक्षरे काढते. रात्रीसाठी दुसरी सेविका नेमावी, म्हणून आम्ही व इतर नातलगांनी लेखी अर्ज केला आहे आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे. दर गुरुवारी पत्नी जाते, दर रविवारी आम्ही. आम्हांस ती अजून बापूच म्हणते. मागल्या रविवारी तिने आमच्याकडे पाढे म्हणून घेतले आणि तेराच्या पाढ्यात आमची चूक काढली. घरी येऊन आम्ही ते कागदावर लिहून ठेवले. आमच्या चार ओळींत आतापर्यंत तीन ओळींची भर पडली आहे.