रविवारचं वाचन आणि उलव्याची टेकडी

रविवार मराठी वाचकाला आपसूक मिळालेला नाही. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही तेव्हा मांडलं गेलं असं सांगतात. मजुरी, थकलेलं शरीर आणि कुलदैवत असं सगळं त्या एका मागणीत आलं होतं. आपला रविवार एका संपादकाने मिळवून दिला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्या रविवारी हातात पडतात त्या पुरवण्या मात्र वाटून दिलेल्या असतात. गुंतवणूक एका पानावर, विज्ञान दुसऱ्या, साहित्य तिसऱ्या. आपल्या जुन्या मासिकांना ही कुंपणं ठाऊक नव्हती. १८६७ पासून निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’च्या नावातच त्याचा आवाका होता. किर्लोस्करवाडीत नांगर बनवणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली कारखान्याच्या त्या वार्तापत्राचं घरोघरी वाचलं जाणारं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा आणि कथा त्यात शेजारी शेजारी छापून येत.

आज नवी मुंबईतल्या उलव्यात राहणाऱ्या वाचकाला असंच वाचन हवं आहे. नव्या इमारतींत राहायला आलेली बरीच कुटुंबं खारकोपरहून लोकल पकडतात किंवा अटल सेतूवरून मुंबई गाठतात. त्यांच्यापर्यंत उलवे पोचतं ते बहुतेक घरांच्या भावांतून. पण त्या भावाच्या मुळाशी एक टेकडी आहे. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी नवी मुंबई विमानतळावरच्या विमानांच्या वाटेत येत होती, म्हणून सुरुंग लावून ती कापली. तिचाच दगड आजूबाजूच्या खोलगट खाजणात भरला. विमानतळाची जागा ११६० हेक्टर. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाहही वळवला. भरतीचं पाणी पूर्वी खाजणात पसरायचं, मुरायचं. भराव पडला की त्याला दुसरी वाट शोधावी लागते. म्हणून पावसाळ्यात आजूबाजूच्या सखल वस्त्यांची चिंता वाढते. फ्लॅटचा भाव वाचणाऱ्याने भरतीचं वेळापत्रकही वाचायला हवं, असं मला वाटतं ते यासाठी. पक्ष्यांचंही तसंच. खाडीच्या चिखलात रोहित उतरतात, तो निसर्गप्रेमींचा विषय, असं समजून आपण पान उलटतो. पण धावपट्टीजवळ पक्षी हा उड्डाणाच्या सुरक्षेचा, म्हणजे व्यवसायाचाही प्रश्न असतो.

जमिनीचा इतिहास याहून खोल आहे. जासई परिसरात जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. विमानतळासाठी गावं उठली, तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्के ठरला. आकडा वाढला, ही लढ्याची कमाईच. पण भातशेती आणि मिठागरातली मेहनत कुटुंबाला वर्षानुवर्षं एका जागी बांधून ठेवायची. भूखंड एका सहीने विकता येतो. मला वाटतं, इथल्या आगरी समाजात गेल्या चाळीस वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल याच एका वाक्यात मावतो, आणि त्यावर पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. देवळं नव्या जागी बांधता येतात. आळीच्या आळी वेगवेगळ्या सेक्टरांत गेल्यावर लग्नात धवले ही पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या धवलारणीच्या मागे सूर धरायला कोण उरतं, हा प्रश्न अर्थशास्त्राचा की संस्कृतीचा?

एखाद्या दिवाळी अंकाने उलव्याला चाळीस पानं द्यावीत. भरावाखालच्या मऊ चिखलावर भूशास्त्रज्ञाने लिहावं. साडेबावीस टक्क्यांतले भूखंड आज कुणाच्या नावावर आहेत, हे कुणीतरी सातबारा आणि करारनामे तपासून मांडावं. धवलारणीकडून धवले तिच्याच बोलीत उतरवून घ्यावेत, आणि मानधन तिघांना सारखं द्यावं.