पॉइंटचे माप

गावातल्या बायकांच्या शरीराची खरी माहिती डॉक्टरकडे नसते, ब्लाउज शिवणारीकडे असते. खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचे माप, ज्याला ती नुसते 'पॉइंट' म्हणते, दर लग्नसराईत तिच्या वहीत चढते. लग्नात दहा इंच असलेला पॉइंट दोन बाळंतपणांनंतर बारावर गेला, की ती जुना आकडा खोडून नवा लिहिते. बोलत काही नाही. फार तर 'आता कटोरी नको, साधंच शिवू' एवढे सुचवते. वेळापूर घ्या, अकलूज घ्या, माळशिरस तालुक्यातले कुठलेही गाव घ्या. छाती ओघळल्याची नोंद होते ती एवढीच.

यावर शस्त्रक्रिया असते, तिला ब्रेस्ट लिफ्ट म्हणतात, हे मोबाइलमुळे आता वेळापुरातही ठाऊक झाले आहे. 'करून घ्यावी का?' हा प्रश्न मात्र तोंडातून काढायची सोय नाही. काढलाच तर उत्तर तयार असते: 'पोरं झाली, आता कुणाला दाखवायचंय?' शिकलेल्या घरांत तेच उत्तर जरा सभ्य कपडे घालून येते: बाजाराने तुझ्या मनात न्यूनगंड भरलाय, आहेस तशी स्वतःला स्वीकार. मला ही दोन्ही उत्तरे सारखीच उद्धट वाटतात. बाईने नेमके काय विचारले ते ऐकून घेण्याआधीच दोन्हीकडे निकाल लागलेला असतो.

आक्षेपाचे मूळ एकच, की ही गरज नव्हे, चैन. पण गरज ठरवतो कोण? प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याला मानाचे पान आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्यातल्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडवले. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी ती पद्धत उचलली. नाक नसले म्हणून माणूस मरत नाही. ते नाक जीव वाचवायला नव्हते, चारचौघांत वावरता यावे म्हणून होते. त्याला कोणी चोचले म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता दुसरे टोक पाहा. माळशिरस हा उसाचा तालुका. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या तोडणी टोळ्या या भागात उतरतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा पडला की मुकादम दंड कापतो, आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडतोच. २०१९मध्ये बीड जिल्ह्यात आरोग्य खात्याने ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. 'पिशवी काढून टाकू' हा निर्णय घरात किती सहज होतो, ते ग्रामीण भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा. कर्ज निघते, नवरा सोबत जातो, सासू पोरे सांभाळते. कारण ती शस्त्रक्रिया बाईला पुन्हा कामाला लावण्यासाठी असते. बाईचा अवयव उपयोगाचा असेपर्यंत ठेवायचा, नडायला लागला की काढायचा. तिने तो स्वतःच्या समाधानासाठी नीट करून घ्यायचा म्हटले, की मात्र आपल्याला नैतिकता आठवते.

एवढ्यावरून ब्रेस्ट लिफ्ट करावीच असे कोणी समजू नये. पिशवीच्या बाबतीत जे घडले, अपुऱ्या माहितीवर घाईने सही, तेच इथेही घडू शकते. फक्त तिथे भीती घातली जाते आणि इथे स्वप्न दाखवले जाते. म्हणून आधी त्या शस्त्रक्रियेत होते काय, ते पाहू.

सर्जन बाईला उभी करून पेनाने खुणा करतो, कारण आडवे झाल्यावर सगळेच सरकते. गळ्याखालच्या खळीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर तो टेपने मोजतो. म्हणजे पुन्हा पॉइंटचेच माप, फक्त सेंटिमीटरमध्ये. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या वर आहे, घडीला आले आहे की खाली उतरले आहे, यावरून ओघळ किती ते ठरते. मग पूर्ण भूल देऊन, साधारण दोन-तीन तासांत, जादा कातडी काढतात, आतला भाग वर घेऊन बांधतात आणि स्तनाग्र नव्या जागी बसवतात. ते कापून वेगळे करत नाहीत, खालच्या मांसाला जोडलेलेच सरकवतात. वण राहतात. ओघळ थोडी असेल तर फक्त काळसर वर्तुळाभोवती, जास्त असेल तर तिथून खाली उभा, आणि फारच असेल तर घडीत आडवाही. वर्षभरात ते फिके पडतात, पुसले जात नाहीत. ज्यांच्या जखमेचा वण फुगून जाड होतो, त्यांनी कान टोचल्यावर किंवा सिझेरियननंतर काय झाले होते, ते सर्जनला आठवून सांगावे.

छाती यामुळे मोठी होत नाही. आकार वर जातो, भर वाढत नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची. पुढे बाळ झाले तर अंगावर पाजता येईलच याची हमी नसते. शिवाय नवे बाळंतपण किंवा वजनातला मोठा चढउतार केलेले काम बिघडवतो, म्हणून मुले होऊन गेल्यावर आणि वजन स्थिरावल्यावरच हे करावे असे सांगतात. वय पुढे सरकते तशी कातडी पुन्हा सैल होते. तेल, मलम, मालिश यांनी मात्र ओघळलेली कातडी वर जात नाही. जत्रेतल्या बाटलीवर काहीही लिहिलेले असो.

अंगावर पाजल्याने छाती ओघळते, हा समज पक्का आहे आणि त्यापायी लवकर दूध तोडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या ब्रायन रिंकर या प्लास्टिक सर्जनने २००७मध्ये याचा अभ्यास मांडला. त्यात दूध पाजण्याचा दोष दिसला नाही. वय, गरोदरपणांची संख्या, वजन, छातीचा मूळचा आकार आणि धूम्रपान ही कारणे दिसली.

धूम्रपानावरून मिश्रीवर यावे लागते. 'सिगारेट ओढता का?' असे सर्जन विचारतो आणि आपल्याकडची बाई खरेपणाने 'नाही' म्हणते. रोज सकाळी भाजलेली तंबाखू बोटाने दातांना घासणे हे तिच्या लेखी व्यसनच नसते. पण त्यातल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. नव्या जागी हलवलेल्या स्तनाग्राला पुरेसे रक्त मिळाले नाही तर जखम भरत नाही, क्वचित तो भाग काळा पडून मरतो. आधी आणि नंतर निदान चार आठवडे मिश्री बंद हवी. ही गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मिश्री म्हणजे काय हे ठाऊक नसलेला सर्जन विचारणार नाही.

पुढचा महिना-दीड महिना आधार देणारी ब्रा रात्रंदिवस घालायची, पाठीवर झोपायचे, जड काही उचलायचे नाही. कळशी नाही, वैरणीचा भारा नाही, कडेवर पोर नाही. शस्त्रक्रियेच्या फाटकापर्यंत आलेल्या बऱ्याच जणी इथूनच मागे फिरत असतील, आणि त्यात चूक काही नाही. घरात पाणी कोण भरणार, हा वैद्यकीय प्रश्नच आहे. खर्च सगळा पदरचा: आरोग्य विमा कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला पैसे देत नाही, आणि जीएसटीतली आरोग्यसेवेची सूटही तिला लागू नाही. अपघात, भाजणे, जन्मजात व्यंग असेल तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या सोलापुरात स्तनाखालच्या घडीत घामाने खाज सुटते, पुरळ येते, कातडी सोलवटते. तो त्रास कायद्याच्या हिशेबात सहसा बसत नाही, पण बाईच्या हिशेबात तोच पहिला असू शकतो.

राहिला बाजाराने न्यूनगंड भरल्याचा आक्षेप. वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे मंदिर यादवकाळातले. त्या काळच्या मंदिरांवरच्या सुरसुंदरी पाहिल्या की वाटते, शिल्पकाराने दोन लेकरांची आई कधी घडवलीच नाही. इन्स्टाग्रामवाल्यांवर सगळा दोष टाकायचा तर हा जुना हिशेबही काढावा लागेल. आपली इच्छा किती आपली आणि किती बाहेरून आलेली, हे वेगळे काढता येत नाही. पैठणी नेसण्याच्या इच्छेबाबतही येत नाही. एवढे मात्र तपासता येते: नवरा बाहेर जाईल म्हणून, संसार सावरेल म्हणून कोणी हे करत असेल तर थांबावे. टाक्यांनी कातडी धरून ठेवता येते, नवरा नव्हे.

आणि सही. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. फक्त तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय आणि अंडाशय डॉक्टरने तिच्या आईच्या संमतीवर काढून टाकले होते. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते, तेव्हा दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तरीही बाईच्या फॉर्मवर नवऱ्याची सही मागण्याची रीत सुटलेली नाही. पहिल्या भेटीत सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसवतात का, सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, वण कुठे राहतील ते तो कागदावर काढून दाखवतो का, आणि 'विचार करून या' असे तो म्हणतो की आगाऊ रक्कम भरायला सांगतो, एवढ्यावरून त्या दवाखान्याची बरीच परीक्षा होते.