उणे पंधरा

प्रगतिपुस्तके भरताना ‘कुवत आहे, परंतु प्रयत्न कमी पडतात’ हे वाक्य मी आजवर किती मुलांच्या नावापुढे लिहिले असेल, त्याची गणती नाही. लिहिताना हात कधी अडखळला नाही. यंदा मात्र अडखळला, आणि त्याला कारण झाली माझी मोटारसायकल!

गाडी साधी, १०० सी.सी.ची. शेजाऱ्यांची अगदी तशीच गाडी हमरस्त्यावर ९० ला पोचते; माझी मात्र ७५ च्या पुढे सरकेना. वेगाचा शौक मला नाही. पण शेजाऱ्याहून उणे असणे कोणाला आवडते? इंजिन थकले असे मी ठरवून टाकले आणि गाडी मेकॅनिककडे नेली.

त्याने इंजिनाला हातच लावला नाही. टायरमधली हवा पाहिली, एअर फिल्टर झटकला, मूठ पूर्ण पिळल्यावर केबल शेवटपर्यंत ओढली जाते की नाही ते पाहिले. मग गाडी स्टँडवर चढवून न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवले. चाक अर्धा फेरा घेऊन थांबले.

“ब्रेक कुणी आवळला, सर?”

मीच! पावसाळ्यात एकदा घसरलो होतो. तेव्हापासून भीतीपोटी ब्रेकचा नट मी स्वतःच दोन-तीन आटे जास्त पिळून ठेवला होता. इंजिन बिचारे माझ्या भीतीशी झुंजत होते, आणि थकल्याचा ठपका त्याच्याच माथी!

ब्रेक सैल केल्यावर काटा ८२ वर गेला. उरलेले ८? शेजाऱ्यांच्या मुलाने मोबाइलवर दोन्ही गाड्यांचा खरा वेग मोजला. त्यांचा काटा ९० दाखवी तेव्हा वेग होता ८०. माझा ८२ दाखवी तेव्हा ७९. वेगमापकाने खऱ्याहून कमी कधीच दाखवू नये, थोडे जास्त दाखवले तर चालेल, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. ८० च्या वेगाला ९२ पर्यंतची सूट त्यात बसते. म्हणजे वर्षभर मी ज्या ९० साठी झुरलो, ते रस्त्यावर नव्हतेच. ते फक्त काट्यावर होते.

शिवाय ‘आणखी १५ च तर हवेत’ हा हिशेबही खोटा. वेग ७५ वरून ९० वर न्यायचा, तर समोरची हवा सारायला जवळजवळ पाऊणपट अधिक शक्ती लागते. कारण ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरचे १५ खालच्या १५ सारखे नसतात. ७५ गुणांच्या मुलाला आपण हेच सहज ऐकवतो की नाही?

सगळेच उणेपण निर्दोष असते, असे मी म्हणत नाही. क्लच घसरू लागला की इंजिन नुसते गुरगुरते आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. अशीही मुले असतात, अशी मोठी माणसेही असतात. पण तो निवाडा चाक फिरवून पाहिल्यानंतरचा.

यंदा त्या वाक्यापाशी आलो. नाव होते एका अबोल मुलीचे. तिची कुवत मी ठरवली होती तिच्या थोरल्या भावाच्या गुणांवरून. आणि वर्गात ती बोलत का नाही? पहिल्याच आठवड्यात चुकीच्या उत्तरावर मी तिला सर्वांदेखत हसलो होतो, ते आठवले.

ती ओळ मी कोरी ठेवली. सुट्टीनंतर आधी तिची क्षमा मागायची आहे. मग काय लिहायचे ते पाहू.