खुर्चीवरचा रुमाल

जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनासमोर १९५१ साली युनेस्कोच्या मदतीने दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. आज शहरभर तिच्या शाखा आहेत. अशा शाखेत सकाळी दार उघडायचा अवकाश, खुर्च्यांवर रुमाल पडतात! स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकंही घरूनच आणतात. त्यांना हवा असतो पंखा आणि शांतता. कुणी नाक मुरडतं. मला तरी त्यात वावगं वाटत नाही. भाड्याच्या खोलीत पाय पसरायलाही जागा नसते. आणि हो, कायद्याने महाराष्ट्रातल्या प्रकाशकांनीही नव्या पुस्तकाची एक प्रत स्वखर्चाने या ग्रंथालयाला पाठवायची असते. दिल्लीकर मराठी मंडळींनो, काउंटरवर जाऊन एकदा मराठी पुस्तकांची चौकशी तर करा.