रिकाम्या खुर्चीचा हक्क

अमेरिकेत आपण बहुतेक जण नोकरीच्या निमित्ताने आलो. नोकरी जाण्याची धास्ती काय असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. देशाच्या हुकुमावरून घर सोडणाऱ्या माणसाच्या मनातही हीच धास्ती असावी का? नॅशनल गार्ड आणि रिझर्व्हमधले सैनिक एरवी आपल्यासारखेच ऑफिसात, कारखान्यात, हॉस्पिटलात काम करतात. बोलावणे आले की निघतात.

त्यांच्यासाठी १९९४ साली 'युसेरा' हा कायदा झाला. त्याची मुळे थेट १९४० च्या लष्करभरतीच्या कायद्यात आहेत. कंपनी लहान असो वा मोठी, सेवेवरून परतलेल्याला कामावर घ्यावे लागते. त्यासाठी एका मालकाकडील गैरहजेरीची एकूण मर्यादा साधारण ५ वर्षे. परत घ्यायचे तेही सोडलेल्या पायरीवर नव्हे, तर तो इथेच असता तर जिथे पोचला असता त्या पायरीवर. जिना सरकता आहे, असे कायदा मानतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. १९७३ पासून सक्तीची भरती नाही. तो स्वखुशीने गेला, मग भुर्दंड मालकाने का सोसायचा? चार माणसांवर दुकान चालवणाऱ्याची ही अडचण खरीच आहे. म्हणूनच गैरहजेरीतला पगार द्यायला कायदा सरसकट भाग पाडत नाही. परिस्थिती पार पालटून परत घेणे अशक्य झाले असेल, तर सूटही देतो. पण सक्ती नाही, ती का? कुणीतरी आपणहून जातो म्हणूनच ना! तो गेला, म्हणून तुमच्या-माझ्या मुलांना जावे लागले नाही. ज्या सोयीचा लाभ सगळ्यांना, तिची किंमत एकट्यानेच मोजावी, हे न्यायाचे नाही.

भेदभाव सहसा उघड बोलत नाही. इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात व्हिन्सेंट स्टॉब हा रिझर्व्हमधला सैनिक हॉस्पिटलात तंत्रज्ञ होता. त्याच्या लष्करी ड्यूटीचा राग असलेल्या वरिष्ठांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि त्यांच्या आधारे भलत्याच अधिकाऱ्याने २००४ साली त्याला काढले. सही करणाऱ्याच्या मनात आकस नसला, तरी त्यामागच्या आकसासाठी मालक जबाबदार ठरू शकतो, असे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट केले.

आज आपल्यातले कितीतरी जण मॅनेजर आहेत, कुणाचे स्वतःचे व्यवसाय आहेत. मुलाखतीत एखाद्याच्या बायोडेटावर 'रिझर्व्ह' हा शब्द दिसला, की "ऐन प्रोजेक्टमध्ये हा गेला तर?" हा प्रश्न मनात येणारच. तो येणे गुन्हा नाही. पण त्याच्या जोरावर कागद बाजूला सारणे हा अन्याय आहे. तिथे कोर्ट पाहायला नसते, आपण एकटेच असतो. या देशाने आपल्याला जे दिले, त्याची थोडी परतफेड त्या क्षणी करता येते.