'थलांतरित' हा कुठला पक्षी?

उभा राहा. भिगवणच्या पक्ष्यांवर वेबपान केलंस, फोटो झकास आहेत, उजनीची माहितीही ठीक आहे. आता पहिला शब्द मोठ्याने वाच. वर्गाला ऐकू जाऊ दे.

'थलांतरित'! का? कारण पाय मोडलेला 'स्' लालभडक होऊन तीन ओळींच्या उंचीचा एकटाच डावीकडे उभा आहे, आणि उरलेला शब्द त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत. घर इंदापूर तालुक्यात, कॉलेज बारामतीत, पानही मराठीत. तरी हा शब्द तुझ्या डोळ्यांना खुपला नाही? की पान पूर्ण झाल्यावर एकदाही वाचलंच नाहीस?

"सर, इंग्रजीत बरोबर दिसत होतं" हे मला ऐकवू नकोस. इंग्रजीत दिसणारच! नियम तिकडचाच उचललास: परिच्छेदाचं पहिलं अक्षर धरणारा फर्स्ट-लेटर, आकार तीन एम, लाइन-हाइट ०.८, डावीकडे फ्लोट. फर्स्ट-लेटर वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये १९९६च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, त्याच्यावर खापर फोडू नकोस. 'स्थ' तुला एक दिसतो, पण यंत्राच्या साठवणीत ते तीन संकेत आहेत: स, हलन्त आणि थ. त्यातले किती एकत्र धरायचे हे ब्राउझर ठरवतो. देवनागरीत हलन्तापुढचं व्यंजन मागच्यापासून तोडू नका, हे कलम युनिकोडच्या नियमांत आलं २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या हिशेबात 'स्' सुटा निघत होता. तुझा नवा लॅपटॉप उद्या सांभाळून घेईलही. पण कुंभारगावात पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवणारा नावाडी हे पान जुन्या फोनवर उघडणार, त्याचं काय?

अरे, ज्या बारामतीत मोरोपंतांनी मात्रा मोजून मोजून आर्या रचल्या, तिथे शिकतोस तू. 'स्थ' म्हणजे एक अक्षर, मात्रा एक. जोडाक्षराचा जोर पडला तर मागचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं. दहावीच्या व्याकरणात घोकलं होतंस ना हे? संगणकासमोर बसलास की मराठी दाराबाहेर काढून ठेवतोस काय?

बरं, 'स्थ' अख्खा धरला असतास तरी काम भागलं नसतं. शिरोरेषेकडे बघ. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, आपली मात्र दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेषेला लटकतात. तुझ्या मोठ्या अक्षराची शिरोरेषा आणि पहिल्या ओळीची शिरोरेषा यांत बोटभर अंतर पडलंय. ओळ सुरू होते कुठून तेच कळत नाही. त्यात दुसऱ्या परिच्छेदातला 'हि' बघ. त्याची वेलांटी सरळ वरच्या ओळीत घुसली आहे, कारण ०.८ हा आकडा वेलांटी आणि रफार नसलेल्या लिपीसाठी कुणीतरी बसवलेला होता.

आणि नियम लावलास सरसकट सगळ्या परिच्छेदांना! नावाड्याचं बोलणं अवतरणात दिलंस, तर अवतरणचिन्हही अक्षराबरोबर फुगलं. फुगणारच, नियमात तसंच लिहिलंय: लागून आलेलं विरामचिन्ह अक्षरासोबत जातं. तळाच्या 'संपर्क' ओळीचाही 'सं' ढोल वाजवत उभा. पानात मोठं अक्षर एकच असतं, जिथून वाचायला सुरुवात करायची तिथे. बाकी ठिकाणी ती नुसती हौस.

आता दुरुस्ती लिहून घे. 'स्थ' स्वतःच्या हाताने एका स्पॅनमध्ये ठेव, त्याला वेगळा क्लास दे. म्हणजे कुठे तोडायचं हा निर्णय ब्राउझरकडे राहत नाही. 'स्' आणि 'थ' यांच्यामध्ये टॅग आला तर मात्र माझ्यासारखा वाईट कोणी नाही. लाइन-हाइट मोकळी ठेव, आणि वरचा मार्जिन बदलत बदलत दोन्ही शिरोरेषा एका सरळ रेषेत आण, तीही ज्या फॉन्टमध्ये पान दिसणार आहे त्यातच. मुक्ता लावून मोजलंस आणि मंगलमध्ये उघडलंस तर सगळं पुन्हा हलेल. मोठं अक्षर ओळींत बसवायला इनिशियल-लेटर नावाचा नवा गुणधर्म आहे. क्रोमने तो २०२३ मध्ये घेतला, सफारीत पुढे वेबकिट जोडावं लागतं. वापरायचा तर ब्राउझरला तो जमतो का हे तपासणाऱ्या ॲट-सपोर्ट्सच्या आत वापर. जिथे तो चालत नाही तिथे साधं अक्षर दिसू दे. साध्या अक्षराने कुणाचं अडत नाही.

आणि हो, 'स्थलांतरित' बदलून 'पाहुणे पक्षी' लिहून आणलंस तर ते मला चालणार नाही. पळवाट मला कळते. त्या पहिल्या शब्दाच्या जागी स्त्री, क्षेत्र, द्राक्षे, ज्ञानेश्वर, कीर्तन आणि ऐंशी असा एकेक शब्द टाकून बघ. घरात ज्याचा फोन सगळ्यात जुना असेल त्याच्याकडून मागून घे आणि सोमवारी त्यावर उघडून मला दाखव. बस खाली.